आजीच्या हातचं काय काय होतं तुमच्याकडे?

आजीबद्दल लिहायला बसलं की बहुतेक वेळा पान तिच्या मायेवरच भरून जातं. माया होतीच. पण मला इथे तिच्या कसबाबद्दल वाचायचं आहे. तिने काय घडवलं, कशातून घडवलं, कुणाकडून शिकली, कुणासाठी केलं, आणि ते करताना तिच्या मनात देव होता, माहेर होतं की आणखी काही?

आपल्या आज्यांनी केलेलं बहुतेक सगळं वापरून संपण्यासाठीच असायचं. अंगणातली रांगोळी संध्याकाळपर्यंत पावलांखाली जायची, वाती जळायच्या, हलव्याचे दागिने पोरं खाऊन टाकायची, वाकळ, म्हणजे गोधडी, विरायची, दळण सरलं की ओवीही सरायची. त्यावर तिचं नाव कुठेच नसायचं. ज्यांनी ते पाहिलं, पांघरलं, ऐकलं, त्यांनीच आता ते सांगायला हवं, म्हणून हे आवतण. सुरुवात मी करते.

आमचं गाव माण तालुक्यात, साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात. वडिलांच्या आईला आम्ही सगळी नातवंडं थोरली आई म्हणायचो. लिहायला-वाचायला ती शिकली नाही. वाकळ शिवण्यात आणि ओवी रचण्यात मात्र पंचक्रोशीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

वाकळीचं काम उन्हाळ्यात निघायचं. रानातली कामं सरली की सारवलेल्या अंगणात जुनं लुगडं पसरायचं आणि कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड, त्यामुळे एका लुगड्यातून वाकळीची दोन्ही अंगं निघायची. काठ आधीच कापून बाजूला ठेवलेले असायचे, ते शेवटी कडेला लागायचे. आतल्या थरांत आजोबांच्या धोतराचे धड राहिलेले भाग, फाटकी पैरण, आमची झबली, जे असेल ते. थर लावून झाले की थोरली आई डोळे मिटून त्यावर तळहात फिरवायची आणि जिथे पोकळ लागेल तिथे आणखी एक तुकडा सरकवायची. मग दाभणाने मोठे टाके घालून सगळं जागेवर बसवायचं आणि त्यानंतर खरी शिलाई सुरू व्हायची. टाका कडेने निघायचा आणि चौकोनात फिरत फिरत आत यायचा. रेघ आखलेली नसायची, तरी दोन ओळींमधलं अंतर कुठे हललेलं मी पाहिलं नाही.

वरच्या तुकड्यांचे रंग कुठे यायचे हेही तिचं ठरलेलं. लाल चीट कायम मधोमध. मी कारण विचारलं तर म्हणाली, "झोपणाराचं काळीज तितं येतं." शेवटचा कोपरा शिवण्याआधी ती आत जोंधळ्याचे चार दाणे सोडायची. वाकळीचं पोट रिकामं ठेवू नये, असं तिचं म्हणणं होतं.

ओव्यांचं काय सांगू. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. कामावर सुकडी, म्हणजे मदतीतलं तयार पौष्टिक खाणं, मिळायची, घरी लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या जोंधळ्याची भाकरी, थापताना तुटणारी. दळायलाच फारसं काही नव्हतं, म्हणून ओवी जात्यावरून उठून हातोडीच्या ठेक्यावर आली. त्यातली ही आत्याला पाठ होती:

खडी फोडिता फोडिता, हाताला गं आला फोड
सुकडीचा घास बाई, लेकराच्या मुखी गोड

आत्या तेव्हा त्या खडीच्या ढिगाशेजारी बसलेलं लेकरू होती. ओवी सांगताना ती दुसऱ्या ओळीवर नेहमी थांबायची.

विठ्ठलाला थोरली आई भाऊ मानायची आणि भावाशी भांडावं तशी हक्काने भांडायची. पालखी फलटणला आली की गावातल्या बायांबरोबर जाऊन दिंडीत मिळायची, आणि बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत डोक्यावरच्या तुळशीसकट पंढरपूर गाठायची. पाऊस लांबलेला असला की निघायच्या आधी ओवीतूनच देवाला बजावायची की रान कोरडं टाकून तुझ्या दारी येतेय, ध्यानात ठेव. गुडघ्यांनी साथ सोडल्यावर वारी थांबली. त्यानंतर गावातून जे कुणी वारीला जाईल, त्याच्या खांद्यावर तिने शिवलेली लहान वाकळ असायची. वाटेत अंथरायला हलकी, गुंडाळून बगलेत मारता येईल एवढी. पाय घरी राहिले तरी आपलं काहीतरी चंद्रभागेच्या वाळवंटापर्यंत पोचलं पाहिजे, हा तिचा हट्ट.

आता तुम्ही लिहा.

*

वाकळीच्या पोटात दाणे सोडण्याबद्दल वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे, कोल्हापूरकडच्या खेड्यात, आजी भाकरीचा वाळका तुकडा घालायची. कारण तेच सांगायची. ज्याच्या अंगावर जाईल तो उपाशी झोपू नये.

*

आमच्या आजीचा हात हलव्याच्या दागिन्यांत होता. पुण्यात, पेठेतल्या वाड्यात.

संक्रांत जवळ आली की तिची पहाट शेगडीपाशी जायची. हे काम थंडीतच होतं, म्हणून चारलाच उठायचं. कोळशाची अगदी मंद धग, त्यावर परात, परातीत खसखस किंवा तीळ, शेजारी साखरेचा पाक. चमच्याने चार थेंब सोडायचे, बोटांच्या टोकांनी दाणे फिरवत राहायचं, ते वाळले की पुढचे चार थेंब. असं दिवसामागून दिवस. साध्या खसखशीच्या दाण्यावर हळूहळू काटे फुटताना मी शेजारी बसून बघितले आहेत. बारीक हलवा तन्मणीला, साबुदाण्यावरचा मोठा हाराला, लवंगेवरचा बिंदीला आणि कर्णफुलांना. तान्ह्याच्या बोरन्हाणासाठी मुकुट आणि बासरी. बासरीची भोकं ती काळ्या तिळाच्या हलव्याने दाखवायची, हे तिचं स्वतःचं डोकं.

आजी तिशीच्या आत विधवा झाली होती. ज्या नव्या सुनांसाठी ती हे करायची, त्यांच्या हळदीकुंकवाला तिने बाहेर यायचं नाही असा वाड्याचा रिवाज. आपले दागिने त्या मुलीच्या अंगावर कसे दिसतात हे ती माजघराच्या दाराआडून बघायची. कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं, तिच्या जावांनाही नाही. मला आजही त्याचा संताप येतो.

माझी आई तिची सून. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला आई चंद्रकळा नेसून पाटावर बसली आणि म्हणाली, "ज्यांनी केलेत त्यांनीच घालायचे, नाहीतर मी उठते." नवी नवरी, वीस-बावीस वर्षांची. बायका गप्प झाल्या. शेवटी पणजीच बोलली, "ये गं बाहेर, घाल तिला." आजी आली. मंगळसूत्रापासून बाजूबंदापर्यंत एकेक तिने घातलं, आणि एक कर्णफूल ढिलं वाटलं म्हणून सगळ्यांसमोर सोडवून पुन्हा बांधलं.

त्यानंतर ती प्रत्येक हळदीकुंकवाला बाहेर बसली. आईला वाड्यात बरंच ऐकून घ्यावं लागलं, पण सासू-सुनेचं जे जमलं ते शेवटपर्यंत. आजीचं देवघरही पुढे आईनेच चालवलं, आजी सांगेल तसं. माझ्या मते आजीची खरी कदर त्या घरात सुनेनेच केली, आणि तीही माहेराहून आलेल्या परक्या मुलीने.

*

वरचं वाचून आईंना नमस्कार सांगावासा वाटला. एक विचारायचं आहे. मी हलवा करून बघते तर दाणे गुळगुळीत राहतात, काटा येतच नाही. कुणाच्या आजीने यातली मेख सांगितली असेल तर लिहा.

*

माझी आजी परळची. मूळची देवगडकडची, लग्न करून गिरणगावात आली. आजोबा गिरणीत. एका खोलीत घर आणि त्याच खोलीत खानावळ, कारण कोकणातून एकटे आलेले गाववाले जेवायला कुठे जाणार? पाळ्या बदलतील तसे ताटावर बसणारे बदलायचे. सकाळपाळीचे उठले की रातपाळीचे बसायचे. प्रत्येकाला तिखट किती लागतं, कुणाला भात सुका हवा, कुणाचा सोमवार, कुणाची संकष्टी, सगळं तिच्या डोक्यात. "जेवल्याबिगर जाव नको" हे वाक्य ती दिवसातून कितीदा बोलत असेल, देव जाणे.

१९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं तेव्हा अशा खानावळवाल्या बायका पहिल्यांदा एकत्र आल्या. त्याआधी किराणा उधारीवर यायचा, नाहीतर सावकाराचं व्याज. मंडळामुळे बायकांना बँकेतून कर्ज मिळायला लागलं. आजी अंगठा देणारी होती, ती कर्जाच्या कागदावर सही करण्यासाठी नाव गिरवायला शिकली. पोळपाटावर पीठ पसरून त्यात बोटाने अक्षरं काढायची. तिने गिरवलेलं पीठ मग चपातीत जायचं.

तिची कला म्हणजे चिंध्या. गिरणीतून कापडाचे तुकडे वजनावर स्वस्तात मिळायचे. दुपारच्या दोन तासांच्या उसंतीत ती त्यांची बाळांसाठी दुपटी, टोपडी आणि कुंच्या शिवायची. तुकडा जेवढा असेल त्यावरून नक्षी ठरायची. कुंचीच्या पाठीवर तुकड्यांचा मोर, पिसाऱ्याला प्रत्येक डोळा वेगळ्या छापाचा. चाळीत बाळंतीण आली की सव्वा महिन्याला आजीची कुंची ठरलेली. पैसे कधी घेतले नाहीत.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले. आधी वाटलं महिना-दोन महिने. जेवणाऱ्यांकडे द्यायला पैसे उरले नाहीत, आजीने ताटं थांबवली नाहीत. डाळ पातळ झाली, मासळी बंद झाली. पुढे कितीतरी जण गावी निघून गेले, उधारी वहीतच राहिली. घर त्या काळात चालवलं ते कुंच्यांनी. पहिल्यांदा तिने त्या विकायला काढल्या, लालबागच्या बाजारात रस्त्याच्या कडेला चादर अंथरून. मोराचा नमुना मात्र विकायचा नाही, तो चाळीतल्या बाळांचाच, यावर ती अडून बसली. विकायला साध्या पट्ट्यांच्या.

तिचा देव कुठला, असं कुणी विचारलं तर मला पटकन सांगता यायचं नाही. गणपतीला गावी जायची, देव्हाऱ्यात दिवा लावायची. पण ताटावर बसलेल्या माणसापुढे वाटी सरकवताना ती जेवढी एकाग्र असायची, तेवढी देव्हाऱ्यासमोर मी तिला पाहिली नाही. उधारीची वही आमच्याकडे आहे. ज्यांचे पैसे राहिले त्यांच्यापैकी काहींची मुलं पुढे तिच्या बाराव्याला आली होती. त्यांतल्या एकाने आणलेली कुंची पिवळी पडली होती, पण मोर शाबूत होता.

*

आम्हा वारल्यांच्यात, डहाणूकडे, लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं चौकोनी चित्र, सवासिनींनी काढायचा असतो. आजी गावातल्या लग्नांना जायची. भिंत आधी शेणाने सारवून गेरूने लाल करायची, मग तांदळाच्या पिठाचं पांढरं पाणी आणि बांबूची काडी, टोक चावून मऊ केलेली. चौकाच्या मध्ये पालघाट देवी. लग्न लावणाऱ्या धवलेरीचं गाणं चालू असताना रेघा ओढल्या जायच्या. जिव्या सोमा मशे यांच्यापासून पुरुषांनी कागदावर काढायला सुरुवात केली आणि वारली चित्रं जगभर गेली, त्याचा आम्हाला अभिमान आहे. फक्त एवढंच सांगायचं आहे की त्याआधी भिंतीवर ते हात आमच्या आज्यांचे होते. आजी कागदावर काढायला कधी बसली नाही. लग्न कुणाचं आहे, असं ती विचारायची. लग्न नसेल तर चौक कशाला?

*

वरच्या सगळ्या आठवणींत देव आहेत. माझ्या आजीचीही भक्ती मोठी होती, ती बाबासाहेबांवर.

भंडारा जिल्ह्यातलं आमचं गाव. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली, त्या गर्दीत ती होती. कडेवर माझे वडील. पांढरं लुगडं नेसून या असा निरोप आलेला, तिच्याकडे पांढरं नव्हतं. मग असलेलं फिक्या रंगाचं लुगडं तिने रिठ्याने आणि राखेने धुऊन धुऊन जमेल तेवढं उजळवलं. ते लुगडं पुढे तिने रोज नेसलं नाही. दरवर्षी अशोक विजयादशमीला पेटीतून बाहेर यायचं.

घरी परतल्यावर देव्हारा उतरवला गेला. पण गाणं ती कुठे सोडणार? लहानपणापासून जात्यावर बसलेली बाई. त्याच चालींवर तिने नवं रचलं. दळताना, भाताच्या रोवणीच्या वेळी चिखलात वाकून, आणि १४ एप्रिलच्या आदल्या रात्री खळ शिजवून पताका चिकटवताना. त्या पताकांचंही तिचं वेगळं होतं. कागद घडी घालून कात्रीने असा कापायची की उलगडल्यावर पिंपळपानांची रांग निघायची, मधली शीरसुद्धा सुटी दिसायची. सगळ्या वस्तीला तीच शिकवायची.

माझी मोठी बहीण पहिल्यांदा शाळेत निघाली तेव्हा तिने दारातच म्हटलेली ओवी घरातल्या सगळ्यांना पाठ आहे:

नात शायेत निंघाली, तिच्या पाटीवर ऊन
भीमराया माह्या बापा, तुहं फेडू कसं रीन

बहीण आज महाविद्यालयात शिकवते.  ही ओवी तिने तिच्या टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे, आजीच्या बोलीत, एकही अक्षर न सुधारता.

*

धागा सुरू करणारीच पुन्हा लिहितेय. पताकांची पिंपळपानं वाचून बराच वेळ पुढे सरकलेच नाही. ओव्यांवरून एक सांगायचं राहिलं होतं. पुण्यातून हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी गावोगाव हिंडून बायकांच्या तोंडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यातल्या कित्येक आज आवाजासकट ऐकता येतात. त्यांत सीता आहे, पंढरी आहे, भाऊ आणि माहेर आहे, सासरचा जाच आहे, आणि भीमरायावरच्या ओव्यांचं तर मोठं दालन आहे. ज्यांच्या आज्यांच्या ओव्या हरवल्या त्यांनी त्या जरूर ऐकाव्यात. आपल्या आजीची चाल त्यात ओळखू येते. मला माणदेशातल्या एका बाईच्या आवाजात थोरल्या आईची ओढ ऐकू आली, ओळीच्या शेवटी सूर लांबवून सोडून द्यायची तीच लकब.

आणि ज्यांच्या घरी ओवी म्हणणारं कुणी अजून आहे त्यांनी आजच फोनवर ध्वनिमुद्रण करून घ्या. शब्द लिहून ठेवले तरी चाल कागदावर उतरत नाही. मुद्रण करताना "म्हणून दाखव" असं म्हणू नका, बाया लाजतात. निवडायला तांदूळ द्या, शेजारी बसा, तुमचं चुकीचं म्हणायला सुरुवात करा. त्या आपोआप दुरुस्त करतात.

*

माझ्या आजीच्या वाती. रत्नागिरीजवळच्या आमच्या परसात देवकापसाचं झाड होतं, त्याची बोंडं तिच्याशिवाय कुणी तोडायची नाहीत. सरकी काढायची, कापूस बोटांनी विंचरून मोकळा करायचा, मग मांडीवर नाहीतर तळहातावर वळायचं. फुलवाती, समईच्या लांब वाती, गेजवस्त्रं म्हणजे देवाला घालायच्या कापसाच्या वस्त्रमाळा. चातुर्मासात लक्ष वातींचा संकल्प सोडायची आणि आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत हात थांबायचे नाहीत.

काचबिंदूने तिची नजर गेली, सत्तरीत. डॉक्टर म्हणाले गेलेलं परत येणार नाही. घरात सगळ्यांना वाटलं आता वाती थांबल्या. चार दिवस ती खरंच गप्प बसून होती. पाचव्या दिवशी कापसाची परडी मागितली. वात कानाजवळ नेऊन ती बोटांमध्ये फिरवायची, पीळ बसला की नाही हे तिला आवाजावरून कळतं असं म्हणायची. मला तो आवाज कधी ऐकू आला नाही, पण तिची वात शेवटच्या टोकापर्यंत सारखी जळायची हे मी रोज बघितलं आहे.

नजर गेल्यानंतरच तिने वस्त्रमाळांमध्ये नवे प्रकार काढले. आधी मणी एकसारखे असायचे. आता ती एक मोठा, दोन लहान, मध्ये चपटी चकती असं काही करू लागली, स्पर्शाला वेगळं लागेल असं. गौरींच्या गळ्यात तिच्या त्या माळा पाहून गावातल्या बायका नमुना विचारायला यायच्या. ती त्यांना डोळे मिटायला सांगून माळ हातात द्यायची.

*

खानदेशातून लिहितेय. आमची मोठी माय, म्हणजे आजी, श्रावणात कानबाई ही आमच्याकडची देवी मांडायची. नारळावर चेहरा कोरल्यागत दागिन्यांनी सजवायची, नथ, डोळे, मळवट. सजवताना दार लावून घ्यायची. दार उघडल्यावर जी कानबाई दिसायची ती दरवर्षी वेगळी, कधी हसरी, कधी करारी. घरात त्या वर्षी जे घडलं असेल ते त्या चेहऱ्यावर यायचं, असं आम्हा बहिणींचं ठाम मत आहे. काका गेले त्या वर्षीची कानबाई मी विसरणार नाही. रोटांचा नैवेद्य झाल्यावर दुसऱ्या दिवशी नदीवर विसर्जन. फोटो काढू द्यायची नाही, त्यामुळे आहे ते डोळ्यांसमोरच.

*

आमच्या आजीला शिवण-टिपण, रांगोळी यातलं काही फारसं जमत नव्हतं. वरचं वाचताना वाटलं, मग आपण काय लिहावं? नंतर आठवलं, तिची पत्रं.

रत्नागिरी जिल्ह्यातली वाडी. आजी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे तेव्हाची सातवी, पास झालेली, वाडीत लिहिता येणारी बहुधा ती एकटीच बाई. घराघरातले पुरुष मुंबईला, गिरणीत नाहीतर गोदीत. महिन्याला मनीऑर्डर यायची, आणि तिच्या कुपनावरच्या दोन ओळी वाचून घ्यायला बायका आजीकडे यायच्या. मग उत्तर. दुपारची जेवणं उरकली की ओटीवर एकेक जण येऊन बसायची.

पत्र लिहिणं म्हणजे सांगितलेलं उतरवणं, असं मला लहानपणी वाटायचं. मोठी झाल्यावर आजीने सांगितलं की निम्म्या बायका येऊन काहीच सांगायच्या नाहीत. "लिही की सगळी बरी आहेत," एवढंच. मग आजी विचारायची. म्हैस व्याली का? कौलं शाकारली? सासूचा खोकला? बोलता बोलता त्या बाईच्या तोंडून एखादं वाक्य निसटायचं, आणि आजी नेमकं तेच लिहायची, तिच्याच शब्दांत. एकीच्या पत्रात कायम घराची बातमी, एकीच्या पत्रात तक्रार, एकीच्या पत्रात नवऱ्याचं नावच नाही, नुसतं "इकडे पाऊस फार आहे, पागोळ्या थांबत नाहीत." शेवटी वाचून दाखवायची, आणि त्या बाईने मान हलवली तरच घडी घालायची. पोस्टकार्ड सगळे वाचतात म्हणून नाजूक गोष्ट असेल तर ती स्वतःच्या पैशाने आंतर्देशीय आणून ठेवायची.

कुणाच्या घरचं काय, हे वाडीत तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि एक अक्षर तिने बाहेर जाऊ दिलं नाही. आजोबांनाही नाही, मलाही नाही. म्हातारपणी मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "ती माझी पत्रं नव्हती." यापेक्षा मोठी निष्ठा मी पाहिलेली नाही. परळच्या खानावळीत जेवणाऱ्या कुणाच्या खिशात आजीच्या अक्षरातलं पत्र असेल, हे वर वाचताना सारखं मनात येत होतं.

*

माझी आजी नव्वदीला टेकली आहे आणि ठणठणीत आहे. काल आणि आज मिळून तिला हे सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. पत्रांच्या आजींचं पुन्हा वाचायला लावलं. पुण्याच्या वाड्यातल्या त्या सुनेला तिने आशीर्वाद सांगितला आहे.

हलव्याच्या काट्याबद्दल तिचं उत्तर असं. पाक दाट झाला की दाणे गुळगुळीत होतात, एकमेकांना चिकटतात. एकतारीच्या थोडा अलीकडेच उतरवा. उकळताना चमचाभर दूध घालून वर येणारी मळी काढा आणि पाक गाळून घ्या, नाहीतर हलवा पिवळट होतो. परात नुसती कोमट हवी, बोट टेकवता आलं पाहिजे. एका वेळी थेंबच, चमचाभर पाक घाईने ओतलात तर गेलं. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे दाणे दाबून चोळायचे नाहीत. बोटांची टोकं हलकी ठेवून नुसते फिरवायचे, कारण नुकता आलेला काटा जोराने मोडतो. हवा दमट असेल त्या दिवशी बसूच नका. आणि एका दिवसात संपवायचा विचार सोडा. पहिल्या दिवशी काटा दिसत नाही म्हणून तुम्ही बहुतेक थांबत असाल, तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी फुटतो, असं तिने मुद्दाम सांगायला लावलं आहे. रात्री दाणे पातळ कापडाखाली झाकून ठेवा, पहाटे पुन्हा सुरू करा. बिघडला तर तो हलवा चहात घाला आणि दुसरा घाणा लावा.